धुळीचा रकाना

चूक माझ्या वहीत होती. एकतीस वर्षं ती वही मी लिहीत आलो आणि चूक पहिल्या पानापासून होती. मला ती कळली जोसलीनने तिचा ट्रेलर आणून उभा केल्यावर चौथ्या दिवशी.

कूपर्स वेलच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. सकाळी नऊला दार उघडायच्या आधी आणि दुपारी तीनला चहाच्या वेळी पायऱ्यांवर उभं राहून आकाश बघायचं, आठ भागांपैकी किती भाग ढगांनी झाकलाय ते लिहायचं, असं एक काम माझ्याकडे होतं. हवामान खात्याला तेव्हा ते हवं होतं. पुढे त्यांनी यंत्रं बसवली आणि मला आभाराचं पत्र पाठवलं. मी तरी लिहीत राहिलो, निवृत्त झाल्यावर घराच्या ओट्यावरून. का, ते मला नीट सांगता येणार नाही. दुसरं काही मला तितकंसं जमत नव्हतं.

गेल्या वर्षी पर्थच्या वर्तमानपत्रात आलं, की विद्यापीठातल्या काही लोकांना लेझरचं केंद्र उभारायला जागा हवी आहे. उपग्रह रेडिओने जे दिवसभर खाली पाठवतो, ते लेझरने काही मिनिटांत पाठवता येतं. फक्त मधे ढग आला तर सगळं थांबतं. मी पत्र लिहिलं. चार मसुदे फाडले, पाचवा टाकला आणि सोबत वहीच्या प्रती जोडल्या. नोव्हेंबर-डिसेंबरच्या, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्याच्या आणि गव्हाच्या कापणीच्या पानांवर शून्य, शून्य, शून्य. कुठेतरी एक. माझ्या वहीचा कुणाला उपयोग होईल हे मला खरंच वाटलं नव्हतं. पण उत्तर आलं आणि नोव्हेंबरच्या शेवटी जोसलीन टे नावाची तिशीची इंजिनिअर दुर्बीण बसवलेला ट्रेलर घेऊन आली.

ट्रेलर उभा राहिला नेव ब्रॉडीच्या रानात, कापून झालेल्या गव्हाच्या धसकटांत. नेव माझा मेहुणा. माझी बायको मर्लीन जाऊन सहा वर्षं झाली, पण तिचा भाऊ अजून मला नाताळला जेवायला बोलावतो आणि ताटात काय वाढू ते न विचारता वाढतो. जागा त्याने फुकट दिली होती.

"हे बघा लिंडसे," जोसलीनने पहिल्याच दिवशी सांगितलं, "मला एकच गोष्ट हवी आहे. कापणीच्या हंगामात, नेहमीच्या कामाच्या दिवशी, उपग्रहाशी एक अख्खी सहा मिनिटांची जोडणी. मधे न तुटलेली. येत्या शुक्रवारपर्यंत मिळाली तर केंद्र इथे. नाही मिळाली तर ट्रेलर उत्तरेला, खाणींच्या मुलखात जाणार. तिथलेही मागे लागलेत."

"इथे ढग नसतात," मी म्हणालो.

"म्हणून तर आले," ती म्हणाली.

सोमवारी दुपारी उपग्रहाची पहिली फेरी होती. दिसण्यासारखं काही नसतं. हा लेझर डोळ्यांना दिसतच नाही. दुर्बीण आकाशाकडे मान वळवत जाते, लॅपटॉपवर एक हिरवी रेघ सरळ चालते आणि जनरेटर घरघरतो. रेघ साडेतीन मिनिटं सरळ चालली. मग थरथरली, खाली आली, संपली.

मी आकाशाकडे बघितलं. निळंभोर. एक ढग नाही.

"ढग नव्हता," मी म्हणालो.

"ढग नव्हताच." जोसलीनने उत्तरेकडे बोट दाखवलं. "ते काय आहे?"

"कुठे?"

"ते. तपकिरी."

तिकडे नेवचा हार्वेस्टर गहू कापत होता आणि त्याच्या मागे, दर वर्षी असते तशी, धुळीची भिंत उभी होती. धान्य साठवायच्या सायलोच्या दुप्पट उंच. वाऱ्याने आमच्याकडे कललेली.

"ती धूळ आहे," मी म्हणालो. "कापणी चाललीय."

"तुमच्या वहीत धूळ कुठे आहे?"

तिने हे रागाने विचारलं नव्हतं. वहीत ढगांचा रकाना होता, वाऱ्याचा होता, पावसाचा होता. धुळीचा नव्हता. इथे कुणी कापणीच्या धुळीला आकाशात धरत नाही. ती दिसली की लोक म्हणतात, चला, नेवने सुरुवात केली. एकतीस वर्षं मी तिच्याकडे बघून शून्य लिहिलं होतं.

"त्यांना सहा मिनिटं थांबायला सांगता येईल?" तिने विचारलं. "उद्या, फेरीच्या वेळी?"

सांगायचं म्हणजे रेडिओवर. आमच्या भागात सगळ्या घरांत, गाड्यांत आणि यंत्रांत एकाच चॅनेलवरचे रेडिओ असतात. कापणीत अख्खा गाव दिवसभर एकमेकांचं ऐकत असतो. मी त्यावर कधी बोललेलो नव्हतो. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं आणि बटण दाबलं.

"नेव, लिंडसे बोलतोय."

"कोण?"

"लिंडसे."

"प्रोफेसर? तुझ्या हातात रेडिओ कुणी दिला?"

तेवढ्यात पलीकडच्या शेतावरचा ट्रेव्ह मधे आला. "नेव, वाचनालयाचं पुस्तक राहिलं असेल रे तुझ्याकडे. दे टाकून."

"मी पुस्तक नेलं असतं तर पेपरात आलं असतं," नेव म्हणाला. "बोल प्रोफेसर."

मी कागद वाचला. उद्या दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटांनी कृपया सहा मिनिटं हार्वेस्टर थांबवावा, कारण उपग्रह जाणार आहे आणि धुळीमुळे लेझरला अडथळा येतो.

मी बटण सोडलं.

"कृपया म्हणाला," ट्रेव्ह म्हणाला.

"कापणीत कुणी थांबतं का रे?" नेव म्हणाला. "माझा बाप गेला त्या दिवशीही आम्ही संध्याकाळपर्यंत कापत होतो."

"सहाच मिनिटं."

"बघतो."

मंगळवारी नेव थांबला. बारा पन्नासला हार्वेस्टर उभा राहिला, धूळ हळूहळू बसली. हिरवी रेघ वर गेली. एक मिनिट, दोन, तीन. जोसलीन ओठ दाबून बसली होती. चौथ्या मिनिटाला नेवची मुलगी शोना धान्याची गाडी ट्रॅक्टरला लावून शेताच्या कच्च्या वाटेने भरधाव गेली. कानात गाणी असावीत. तिच्यामागून धूळ उठली, आमच्या डोक्यावरून गेली आणि रेघ संपली.

"नेव," मी रेडिओवर म्हणालो, "शोना..."

"मी थांबलो की नाही?"

"तू थांबलास. पण ट्रॅक्टर..."

"ट्रॅक्टरचं कुठे बोललास तू? हार्वेस्टर म्हणालास. मी हार्वेस्टर थांबवला. बाहेर उतरून लघवीसुद्धा केली, तुला म्हणून सांगतो."

"सगळ्यांनाच सांगितलंस," ट्रेव्ह म्हणाला.

मी खरोखरच ट्रॅक्टरचं बोललो नव्हतो. कागद काढून पाहिला, नव्हतं.

बुधवारी मी सगळं लिहिलं: हार्वेस्टर, ट्रॅक्टर, पिकअप, ट्रेव्हची फवारणीची गाडी. सगळे थांबायला तयार झाले, कुरकुरत का होईना. आणि उपग्रहाने आमच्याकडे लेझर टाकलाच नाही. जोसलीन दहा मिनिटं फोनवर होती. परत आली ती टोपीने माश्या हाकत.

"आजची फेरी उपग्रहवाल्यांनी त्यांच्या दुसऱ्या एका जुन्या केंद्राला दिली," ती म्हणाली. "आदल्या दिवशीच्या आकाशाच्या नोंदी बघून ते ठरवतात. तिकडून शून्य आलं होतं. इकडून एक."

जोसलीन आल्यापासून रोजच्या नोंदी मी त्यांना कळवत होतो, आणि मंगळवारी तीनची नोंद मीच पाठवली होती.

"एक अष्टमांश ढग कुठे होता, लिंडसे?"

"सायलोच्या मागे. होता थोडा."

"केवढा?"

"उशीएवढा."

"उशीएवढा," तिने परत म्हटलं.

"पूर्ण शून्य म्हणवेना. नियम असा आहे, की थोडासा जरी असला तरी एक."

तिने थर्मासमधली कॉफी कपात ओतली आणि न पिता धसकटांत टाकून दिली. मला वाटलं, आता म्हणेल की तुमची वही घ्या आणि घरी जा. मी तसा निघायला तयारही होतो. पण ती म्हणाली, "अजून दोन दिवस आहेत."

गुरुवारी नेवने थांबायला नकार दिला. शनिवारी पाऊस येणार होता. उभा गहू भिजला तर तो पिठाला जात नाही, जनावरांच्या खाण्यात जातो, हे इथे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

"मला दुसरं काहीही माग," नेव रेडिओवर म्हणाला. "किडनी माग. पण आज थांबायला सांगू नकोस."

"प्रोफेसर, किडनी घेऊन टाक," ट्रेव्ह म्हणाला, "त्याची फार वापरलेली आहे खरं तर." या वेळी कुणी हसलं नाही. सगळेच घाईत होते.

गुरुवारची रेघ दोन मिनिटांत संपली.

शुक्रवार उजाडला तोच तापलेला. ईशान्येकडचा वारा, वाळवंटावरून येणारा, आणि ओठ फुटतील असा कोरडेपणा. मी अग्निदलाचा स्वयंसेवक आहे. नळी धरायच्या कामाचा मी कधीच नव्हतो, म्हणून त्यांनी मला वारा मोजायला ठेवलंय. तळहाताएवढं एक यंत्र असतं. ते वर धरायचं आणि आकडे फोनवरून ग्लेनिसला सांगायचे. ग्लेनिस आमची आगीची मुख्य अधिकारी. आकडे एका रेषेच्या वर गेले की ती कापणीबंदी लावते, कारण अशा वाऱ्यात एका ठिणगीने गावची गावं जातात.

सव्वाअकराला मी ट्रेलरजवळ उभा राहून यंत्र वर धरलं. तापमान एकेचाळीस. दमटपणा नऊ टक्के. वारा ताशी चव्वेचाळीस किलोमीटर. यंत्र माझ्या हातून तिरकं धरलं गेलं असेल असं वाटून पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. तेच आकडे. कळवले.

"साडेअकरापासून बंदी," रेडिओवर ग्लेनिसचा आवाज आला. "कूपर्स वेलचा सगळा भाग. शेतात यंत्र नाही, गाडी नाही, इंजिन नाही. नेव, तुलाही धरून."

"ऐकलं," नेव म्हणाला. तेवढंच.

एकेक करून हार्वेस्टर थांबले. धुळीच्या भिंती आधी पातळ झाल्या, मग वाऱ्याबरोबर नैर्ऋत्येकडे निघून गेल्या. धसकटं माती धरून ठेवतात. मागे काहीच उरलं नाही. आकाश जमिनीला टेकेपर्यंत निळं झालं. इतक्या वर्षांत डिसेंबरात क्षितिज असं मी पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल आणि नुसतं शून्य लिहून आत गेलो असेन.

"बारा सव्वीसला फेरी आहे," जोसलीन म्हणाली. पाच दिवसांत पहिल्यांदा ती हसत होती. "आणि कुणाला थांबायला सांगायचंही नाही."

जनरेटर घरघरत होता. मी त्याच्याकडे बघत होतो.

"काय झालं?"

"हे इंजिन आहे," मी म्हणालो.

तिला समजायला एक क्षण लागला. "हा काही हार्वेस्टर नाही."

"धसकटांत आहे."

"खाली पत्रा घातलाय. आग विझवायचं सिलिंडर शेजारी आहे. वीस मिनिटांचा प्रश्न आहे, लिंडसे."

"बॅटरीवर नाही चालणार?"

"दुर्बीण चालेल. लेझर थंड ठेवणारं यंत्र नाही चालणार." तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कुणाला सांगणार आहात का?"

"मी नाही सांगणार. पण बंदी मीच दिलेल्या आकड्यांवर लागलीय."

तिने वाकून जनरेटर बंद केला. शांतता इतकी झाली की माश्या ऐकू येऊ लागल्या. ती ट्रेलरच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "धूळ असते तेव्हा वीज असते. धूळ नसते तेव्हा वीज नसते. कसली जागा शोधून दिलीत हो."

मी वारा मोजायचं यंत्र खिशात टाकलं.

तेवढ्यात नेव धसकटांतून चालत येताना दिसला. पिकअप डांबरी रस्त्यावर सोडून आला होता. शेतात गाडी आणायची नव्हती. त्याला चालताना मी क्वचितच पाहिलंय.

"घरी बसून करू काय," तो म्हणाला. "बायको म्हणाली पडदे लाव. म्हटलं त्यापेक्षा प्रोफेसरचा उपग्रह बघतो. चालू का नाही तुमचं?"

मी सांगितलं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

"शेडमध्ये वीज आहे की."

मेंढ्यांची लोकर कातरायची त्याची शेड दीडशे पावलांवर होती. आम्ही दोघांनीही तिच्याकडे रोज पाठ करून काम केलं होतं.

"तेवढी लांब वायर?" जोसलीन उभी राहिली.

"शोना," नेवने रेडिओ तोंडाशी धरला, "घरातल्या सगळ्या वायरी आण. नाताळच्या दिव्यांची पण. डांबरी रस्त्याने ये, मग चालत."

बारा सव्वीसला आता पाऊण तासही उरला नव्हता. एकेचाळीस अंशांत आम्ही चौघं वायरी उलगडत, एकमेकींत खुपसत निघालो. माझ्या गाडीत एक होती, वाचनालयात चित्रं दाखवायला वापरायचो ती. निवृत्त झालो तेव्हा चुकून घरी आली आणि नऊ वर्षं परत द्यायची राहिली. ती लावल्यावर शेवटचं टोक ट्रेलरपर्यंत पोचलं. नेव वायरवरचा वाचनालयाचा शिक्का वाचत उभा राहिला आणि म्हणाला, "हे मात्र मी ट्रेव्हला सांगणार."

थंड करणारं यंत्र सुरू झालं, कण्हलं आणि बंद पडलं.

"वीज कमी पडतेय," जोसलीन म्हणाली. "शेडमध्ये अजून काय चालू आहे?"

"काही नाही," नेव म्हणाला. मग थोड्या वेळाने, "फ्रिज आहे."

"तो बंद करा."

"त्यात नाताळची बिअर आहे."

"सहा मिनिटं, नेव," मी म्हणालो.

"सोमवारपासून तू सहा मिनिटंच मागतोयस," असं म्हणत तो शेडकडे चालत गेला.

बारा सव्वीसला दुर्बिणीने मान उचलली. रेघ वर गेली आणि सरळ चालू लागली. मी घड्याळ बघत नव्हतो. नेवच्या बुटांकडे बघत होतो. जोसलीन मिनिटं मोजत होती. चार म्हणाली तेव्हा मी डोळे मिटले. पाच म्हणाली. सहा म्हणाली आणि पुढे आणखी अकरा सेकंद मोजून थांबली.

"झालं?" नेव म्हणाला. "एवढंच? काही दिसलंच नाही."

"झालं," जोसलीन म्हणाली आणि अवजारांच्या पेटीवर बसून तिने टोपीने तोंड झाकून घेतलं. शोना शेडकडे धावली, फ्रिज लावायला.

मग कागद निघाला. जोडणीचा तक्ता, वेळ, सेकंद, सगळं तिने भरलं. शेवटचा रकाना उरला. तिने कागद माझ्यापुढे धरला. 'दिवस हंगामातल्या नेहमीच्या कामाचा होता का? स्थानिक निरीक्षकाने भरावे.' स्थानिक निरीक्षक मी.

"मी काही सांगणार नाही," ती म्हणाली आणि वायरी गुंडाळायला लागली.

नेवने माझ्या खांद्यावरून वाचलं. "हो लिही. त्यात काय."

"कापणी बंद होती, नेव."

"मग? बंदी काय परदेशातून आली? ती पण इथलीच. दर वर्षी लागते."

"किती दिवस?"

"चार. एखाद्या वर्षी पाच."

"चाळीस दिवसांपैकी."

"अरे बाबा, तुला हे केंद्र हवंय की नको?"

मला हवं होतं. मला ते इतकं हवं होतं की त्याला सांगायची लाज वाटत होती. रोज दुपारी उपग्रह येईल आणि माझ्या वहीतल्या आकाशातून खाली काहीतरी पाठवेल, एवढं एकच खरं काम माझ्या हातून झालं असतं. मी पेन धरून उभा राहिलो. 'हो' लिहिलं असतं तर केंद्र झालं असतं, आणि पुढच्या डिसेंबरात कुणीतरी ट्रेलरपाशी उभं राहून रेडिओवर नेवला विनवत बसलं असतं. बहुधा मीच. आणि वही पुन्हा एकदा चुकीची ठरली असती, या वेळी जाणूनबुजून. की हा नुसता माझा भित्रेपणा होता, उशीएवढ्या ढगासारखा? अजूनही मला ते ठरवता आलेलं नाही.

मी लिहिलं: 'नाही. कापणीबंदी होती. एरवी या वेळी धूळ असते.'

नेव एक शिवी देऊन पाठ फिरवून उभा राहिला. जोसलीनने कागद वाचला, घडी घातली.

"ट्रक सोमवारी येईल," ती म्हणाली. "मी कालच सांगून ठेवला होता."

शनिवारी पाऊस आला. नेवचा चाळीस हेक्टर गहू उभाच होता, तो भिजला. त्यातला किती बंदीमुळे राहिला आणि किती मंगळवारच्या सहा मिनिटांमुळे, हे तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. सोमवारी ट्रेलर गेला. जाताना जोसलीनने हात मिळवला आणि ती म्हणाली, "धुळीच्या नोंदी झाल्या की पाठवा. कापणीशिवायच्या महिन्यांचं काही जमतं का बघू." लोक निघताना असं बोलतात, हे मला माहीत आहे.

मंगळवारी ऊन पडलं आणि दुपारी उत्तरेला धूळ उठली. मी ओट्यावर टेबल ओढलं, पट्टी धरून वहीत एक नवा रकाना आखला आणि वर 'धूळ' लिहिलं. मग तिथेच अडकलो. ढगाला आठ भाग असतात. धुळीला किती मोजायचं, कुठून कुठपर्यंत, कुणीच ठरवलेलं नाही. कागद न लिहिता मी रेडिओ उचलला.

"नेव, लिंडसे."

"आता काय? ट्रेलर तर गेला."

"तुझी धूळ किती आहे? आठ भागांपैकी?"

"सांग रे नीट," ट्रेव्ह म्हणाला, "पुस्तकात जाणार आहे."

"मी धुळीच्या आत बसलोय, प्रोफेसर. मला हार्वेस्टरची काचसुद्धा दिसत नाही. बाहेर तू आहेस."

मी बाहेर बघितलं. पाच लिहिलं. जास्त वाटलं, खोडून चार केलं.

रेडिओ पुन्हा खरखरला. "सहा लिही," नेव म्हणाला. "शोना पण निघालीय."

सहा लिहिलं.